अठरावं बटण

आमच्या पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार विभागात चार टेबलं होती. खिडकीजवळचं मास्तरांचं आणि त्याला लागून माझं. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. पण सकाळपासून कोणी ना कोणी फोन करून त्यांना कॉम्प्युटरचं काहीतरी विचारायचं आणि ते न कंटाळता समजावून सांगायचे, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. त्यांना दिसत नव्हतं. शाळेत असताना फळा धूसर होत गेला आणि कॉलेजात पाय ठेवायच्या आधी पुरता विझला, एवढंच ते सांगत, तेही कोणी विचारलं तर.

आधी ते इथेच टेलिफोन ऑपरेटर होते. तो टेलिफोनचा बोर्ड गेला तेव्हा त्यांना तक्रारी नोंदवायला बसवलं. नळाला पाणी नाही, पाइप फुटलाय, गढूळ येतंय, असं लोक फोनवर सांगणार आणि आम्ही ते लिहून घेणार. त्याच सुमारास एक जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. मास्तरांनी तो मागून घेतला, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि ओर्का नावाचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्राम वाचून दाखवतो. मी एकदा त्यांचा हेडफोन कानाला लावून पाहिला तर डब्यात माशा कोंडल्यासारखा आवाज. मिनिटाला चारशे शब्द. त्यांच्या बायकोला मी हे सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "मी एक वाक्य बोलले तरी हळू बोल म्हणतात. त्या बयेचं बरं चालतं चारशेनं."

मला लिनक्स त्यांनीच शिकवलं. मी मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी खिडकी उघडली की मी ती लगेच बंद करायचे. ते म्हणायचे, एरर आली की घाबरून बंद करायची नाही, आधी वाचायची, निम्मं दुखणं तिथंच लिहिलेलं असतं. फोनवर लोकांना ते जे सांगत ते ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. आवाज येतोय का, वायफाय लागतंय का, प्रिंटर ओळखतोय का? तीन होकार आल्याशिवाय हार्ड डिस्कला हात लावू नका. नेटवर सापडलेली आज्ञा कळल्याशिवाय चिकटवू नका, आणि तिच्या सुरुवातीला सुडो, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार देणारा शब्द, असेल तर दोनदा विचार करा. नवीनातली नवीन आवृत्ती घेऊ नका, पाच वर्षं सांभाळणार असं लिहिलेली घ्या. फायलीची एकच प्रत म्हणजे प्रत नव्हेच. आणि कामाच्या दिवशी अपडेट करायचं नाही. करायचं तर सुट्टीच्या आदल्या दिवशी काम संपल्यावर, म्हणजे बिघडलं तर दुरुस्त करायला हाताशी एक दिवस असतो.

एकदा ओर्का आम्ही तक्रारी लिहायचो त्या तक्त्यातल्या एका रकान्यावर अडखळायला लागलं. मास्तरांनी ते बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं, कुठे अडतं, कोणती बटणं दाबली की अडतं, सगळं क्रमानं. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं. दोघांची आठ-दहा पत्रं झाली आणि पुढच्या अपडेटमध्ये ती चूक नाहीशी झाली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. एवढी खुशी मी त्यांची पुन्हा पाहिली नाही.

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. ते वरून ठरून आलं, आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. तक्रारींचा आमचा तक्ता बंद, सगळं आता इंटरनेटवरच्या एका पानावर. ते पान फार सुंदर होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. सगळीकडे चित्रं. अक्षर म्हणून नावाला नाही. मास्तरांनी हेडफोन लावून टॅब, म्हणजे एका बटणावरून पुढच्यावर नेणारी कळ, दाबायला सुरुवात केली आणि ओर्का म्हणायला लागलं, बटण, बटण, बटण, बटण. चित्राच्या मागे नाव लिहायचं असतं, ते बनवणाऱ्यांनी लिहिलंच नव्हतं. नाव नाही तर ते बिचारं वाचणार काय?

शिकवायला सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस आला होता. मास्तरांनी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, आमची चित्रं इतकी सोपी आहेत की लहान मूलसुद्धा ओळखेल.

"लहान मुलाला डोळे असतात, साहेब," मास्तर म्हणाले.

आमच्या साहेबांनी सगळ्यांना महिन्याची मुदत दिली. महिन्यात ज्याला जमणार नाही त्याला दुसरं काम देऊ, म्हणाले. दुसरं काम म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. स्टेशनरीच्या कपाटाजवळ एक खुर्ची होती. पूर्वी हात थरथरणारे एक कारकून तिथे बसत. निवृत्त होईपर्यंत बसले, रोज वेळेवर यायचे आणि वेळेवर जायचे. मधल्या वेळात त्यांना कोणी काही सांगितलं असेल तर एवढंच, की जरा खुर्ची सरकवा, कपाट उघडायचंय.

मास्तर मला म्हणाले, "ताई, त्या खुर्चीत मी बसणार नाही. मला फोन हवा."

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आम्ही बसलो. मी एकेक चित्र सांगत गेले, ते टोचून टोचून ब्रेलमध्ये उतरवत गेले. एकूण सतरा बटणं. सातवं नवीन तक्रारीचं. दहावं बरोबरच्या खुणेचं, म्हणजे फोनवरच प्रश्न सुटला तर तक्रार नोंदवून लगेच 'निवारण झाले' म्हणून बंद करायची. अकरावं नोंद करून पुढे पाठवायचं, रोजचं काम त्याच्यावरच. चार दिवसांत त्यांनी ते पाठ केलं. बोट टॅबवर टकटक चालायचं आणि अकराला बरोब्बर थांबायचं. आमच्यातल्या डोळसांपेक्षा त्यांच्या नोंदी जास्त व्हायला लागल्या. साहेब येऊन पाठीवर हात ठेवून गेले. मला मनातून वाटलं, देवानं ऐकलं.

मास्तर मात्र खूश नव्हते. हे जमवलंय, जमलेलं नाही, असं ते म्हणायचे. कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं होतं की बटणांना नावं द्या, कोणती द्यायची तेही मी लिहून पाठवतो, तुमचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमची सूचना मिळाली, आभारी आहोत, असं उत्तर आलं. तेच पत्र त्यांनी पुन्हा पाठवलं. त्यालाही शब्दाला शब्द तेच उत्तर.

तीन आठवडे झाले. त्या सोमवारी मी कॉम्प्युटर उघडला तर वरच्या ओळीत एक पिवळा भोंगा दिसला. सूचना देण्यासाठी कंपनीनं नवीन बटण घातलं होतं, आठव्या आणि नवव्याच्या मध्ये. रविवारी त्यांनी आपणहून बदल केला होता, आम्हाला न विचारता. मी भोंगा पाहिला. काहीतरी नवीन दिसतंय, एवढंच मनात आलं. तेवढ्यात फोन वाजला आणि मी तक्रार घ्यायला लागले. माझ्या शेजारी हातभर अंतरावर मास्तर टॅब मोजत होते.

सात पूर्वीच्याच जागी होतं, त्यामुळे त्यांची तक्रार नीट उघडत होती. नाव, पत्ता, काय झालंय, सगळं ते भरत होते. मग अकरा मोजून एंटर. पण अकराव्या जागी आता पूर्वीचं दहावं आलं होतं. कानात ओर्का म्हणायचं, बटण. पान कोरं व्हायचं, जसं रोज व्हायचं. त्यांना शंका यायला काही कारणच नव्हतं.

तीनच्या सुमाराला फोनचा सूर बदलला. लोक ओरडायला लागले. थेंब नाही आणि मोबाइलवर संदेश येतोय की निवारण झालं, आमची चेष्टा करता का? पहिले दोन फोन माझ्याकडे आले, तिसरा मास्तरांकडे. तो ऐकता ऐकता त्यांनी टॅबवरचं बोट उचललं. फोन ठेवून मला म्हणाले, "ताई, बटणं मोजा."

मी मोजली. अठरा.

सकाळपासूनच्या अडतीस तक्रारी बंद झाल्या होत्या. एका वृद्धाश्रमाची त्यात होती, दोन मजले अंथरुणाला खिळलेले म्हातारे. टँकर गेलाच नव्हता. तो संध्याकाळी गेला, पण तोवर आश्रमवाल्यांनी वरच्या साहेबांना गाठलं होतं आणि वरच्यांनी आमच्या साहेबांना. लेखी खुलासा मागितला गेला. मास्तरांनी तो स्वतः टाइप केला, चार वाक्यांचा. बटणांना नावं नव्हती. मी मोजून काम करत होतो. सतराची अठरा झाली हे मला कळलं नाही. लोकांचे हाल झाले त्याबद्दल मी माफी मागतो.

मी साहेबांना जाऊन सांगितलं की मी पाहिलं होतं, दोष माझा आहे. ते म्हणाले, तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं, जा कामाला लागा. देवापुढेही मी हे सांगितलंय. अजून डोळे मिटले की तो भोंगा दिसतो.

साहेब वाईट माणूस नव्हते. मास्तरांना बोलावून म्हणाले, कारवाई काही होऊ देणार नाही, पगार चालू राहील, तुम्ही आता आराम करा. मास्तरांनी विचारलं, बटणांना नावं दिली तर? साहेब म्हणाले, ते आपल्या हातात आहे का? मास्तरांनी आपला जुना तक्ता तरी चालवू द्या म्हणून विनवलं, त्यातल्या नोंदी मी नंतर चढवीन, असं मीही म्हटलं. साहेब नाही म्हणाले. नोंद थेट नव्या पानावरच करायची, असा नियमच होता.

मी मास्तरांना म्हटलं, मी शेजारी बसून सांगत जाईन, तुम्ही दाबा. ते म्हणाले, मग काम तुमचं झालं, मी नुसतं बोट. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, कारण माझेच फोन मला उरकत नव्हते.

आता ते कपाटाजवळ बसतात. त्यांचा लिनक्सवाला कॉम्प्युटर त्यांच्यापुढे ठेवलाय, पण नेटवर्कला जोडायची परवानगी नाही. सुरुवातीला ते त्यावर काही लिहायचे. हल्ली हेडफोन गळ्यातच असतो. वहिनी म्हणतात, घरी आले की टीव्हीचाही आवाज नको म्हणतात, आणि मी बोलते तेव्हा हळू बोल असंही म्हणत नाहीत.

त्यांच्याकडे फोनवरून शिकलेली एक मुलगी आहे, तिलाही दिसत नाही. लिनक्स ती त्यांच्याकडूनच शिकली आणि दुसऱ्या गावी वीज कचेरीत नोकरीला लागली. ते तिच्या घरी कधी गेले नाहीत, ती इथे कधी आली नाही, पण दर आठवड्याला तिचा फोन असतो. गेल्या गुरुवारी दुपारी मी कागदाचं रीम घ्यायला कपाटाशी गेले तेव्हा तो आला. मास्तर डबा खात होते, म्हणून त्यांनी फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला.

ती सांगत होती की त्यांच्याकडेही हेच सॉफ्टवेअर आलंय, तिलाही महिन्याची मुदत दिलीय, आणि ओर्का नुसतं बटण बटण करतंय.

"काका, तुम्ही कसं केलं होतंत? मी मोजून पाठ करू का?"

"मोजून पाठ करू नकोस," मास्तर म्हणाले.

"मग काय करू?"

त्यांनी घास डब्यात परत ठेवला. पेनड्राइव्हपासून प्रिंटरपर्यंत या माणसाला कधी उत्तर शोधावं लागलेलं मी पाहिलं नव्हतं. मी रीम हातात घेऊन उभी राहिले.

"कंपनीला पत्र लिही," ते शेवटी म्हणाले.

"तुम्हाला आलं होतं का उत्तर?"

"आलं होतं."

ती काका, काका करत राहिली. नंतर तिला वाटलं लाइन गेली, आणि तिनं फोन ठेवला. मला कपाट बंद करायचं होतं. मी काही म्हणायच्या आत मास्तरांनी खुर्ची सरकवली.