पॅरा चार : मान्य

मुलाच्या म्हणजे निनादच्या बँडचा अल्बम निघाल्यापासून नंदकुमार मोडकांचा पाय एका जागी ठरेना. लखनौच्या जानकीपुरममधल्या आपल्या घरात ते बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून फाटकापाशी आणि फाटकापासून परत बैठकीत अशा येरझाऱ्या घालत. मध्येच खिशातून मोबाइल काढायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि अल्बमबद्दल कुणी नवीन काही लिहिलंय का ते बघायचं.

"अहो, बसा की जरा," त्यांच्या पत्नी सुलभाताई म्हणाल्या. "सब्जीवाला भैयासुद्धा विचारून गेला, साहब की तबियत तो ठीक है ना म्हणून."

तब्येतीला काय धाड भरली होती! धाड भरली होती ती बेंगळुरूच्या त्या इंद्रजित नावाच्या समीक्षकाला.

मोडक मूळचे साताऱ्याचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर म्हणून लखनौला आले आणि इथेच निवृत्त झाले. सिग्नलमध्ये त्यांचं नाव होतंच, पण त्याहून मोठं नाव होतं ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं देण्यात. ऑडिटवाल्यांनी कागद पाठवला की भलेभले साहेब घामाघूम होत, आणि शेवटी तो कागद मोडकांच्या टेबलावर येई. मोडक पॅरावाइज रिमार्क्स, म्हणजे आक्षेपाच्या एकेका परिच्छेदाला वेगळं उत्तर, लिहीत. चिडायचं नाही, एकही पॅरा सोडायचा नाही आणि खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा खाक्या. जिथे आपलं चुकलं असेल तिथे सरळ 'मान्य' लिहून मोकळं व्हायचं. म्हणून तर त्यांची बाकीची उत्तरं टिकत.

निनाद त्यांचा एकुलता एक. तोही इंजिनिअर झाला, पण पदवी कपाटात ठेवून लग्नसमारंभांत साउंड सिस्टिम लावत फिरतो. उरलेला जीव 'धूलमंडी' या त्याच्या बँडमध्ये. तो आणि लखनौचेच तीन दोस्त अलीगंजमधल्या एका बंद दुकानात सराव करतात. संगीत मेटल, तेही प्रायोगिक. म्हणजे गिटारच्या गदारोळात कुकरच्या शिट्ट्या, जनरेटरची घरघर आणि त्या सगळ्यावर निनादचं ओरडणं. ट्रकमधून भंगार उतरवतात तेव्हा असा आवाज होतो, असं मोडक येईल त्या पाहुण्याला सांगत. पोराने हे खूळ सोडावं म्हणून त्यांनी काय काय केलं नव्हतं! रोज जेवताना विषय निघायचा. निनाद ऐकून घ्यायचा आणि उठून जायचा.

आता तो स्वतःच म्हणत होता की सोडतो. नोएडाच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "अल्बम चल गया तो ठीक, नहीं तो नोएडा," त्याने आईला सांगून टाकलं होतं. खरं तर मोडकांनी पेढे वाटायला हवे होते. पण अल्बम निघाला, त्याचं नाव 'उमस' म्हणजे कोंदट उकाडा, आणि मतं यायला लागली. एका वेबसाइटने पार डोक्यावर घेतला. कुणा व्हिडिओवाल्याने मिक्सरमध्ये चमचा पडल्याची नक्कल करून हसवलं. मग इंद्रजितचं परीक्षण आलं. ही सगळी पोरं त्याचाच शब्द प्रमाण मानतात. दहापैकी तीन गुण! निनादने ते वाचलं आणि ताट तसंच सारून तो वर गच्चीवरच्या खोलीत निघून गेला.

पोरगं आपलं ऐकून सुधारलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण कोण कुठला हा इंद्रजित, त्याने चार ओळी खरडाव्यात आणि आपल्या पोराने मान खाली घालून नोएडाची गाडी धरावी? पोराला नावं ठेवायची तर ती आपण ठेवू. बाहेरच्याने ठेवलेली चालणार नाहीत. हे तर्काला धरून नव्हतं, त्यांनाही कळत होतं, पण राग काही तर्क विचारून येत नाही.

शनिवारी सकाळी नाश्ता आटोपल्यावर ते डायनिंग टेबलावर हेडफोन लावून बसले. समोर परीक्षण आणि कानात 'उमस'. सुलभाताईंना वाटलं, ह्यांना वेड लागलं. मोडक टेबलावर बोटाने ठोके देत होते, थांबत होते, गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकत होते. दुपारपर्यंत उत्तर तयार झालं आणि त्यांनी ते परीक्षणाखालीच टाकलं, खाली नाव आणि 'सेवानिवृत्त, सिग्नल विभाग' असं लिहून.

पॅरा एक, अल्बममध्ये सुरावट नाही : सुरावट देऊ असं बँडने कुठेही म्हटलेलं नाही, सबब आक्षेप गैरलागू. पॅरा दोन, जनरेटरचं गाणं विनाकारण लांबलं आहे : समीक्षकांनी लखनौचा जून काढलेला दिसत नाही; इथे जनरेटर वीज येईपर्यंत चालतो. पॅरा तीन, ड्रमचा ठोका सुटतो : तपासलं, ठोका सुटत नाही, साडेसात मात्रांनी फिरून जागेवर येतो.

पॅरा चारपाशी ते अडले होते. इंद्रजितने लिहिलं होतं की शेवटच्या गाण्यात गायक आपलेच शब्द गोंगाटाखाली पुरतो. त्याला काहीतरी सांगायचं आहे, पण ते कुणाला ऐकू जाईल याचीच त्याला भीती वाटते. मोडकांनी ते गाणं परत परत ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. एक शब्द हाती लागेल तर शपथ. काहीतरी गुळगुळीत लिहून वेळ मारून नेता आली असती. पण साऱ्या नोकरीत जे केलं नाही ते आता कसं करणार? त्यांनी लिहिलं, मान्य.

संध्याकाळपर्यंत तो मजकूर देशभर फिरला. लोक हसले, पण मायेने हसले. 'ऐसे पापा सबको मिलें' असं कुणीकुणी लिहिलं. साडेसात मात्रा मोजायच्या म्हणून कितीतरी जणांनी अल्बम ऐकला. खुद्द इंद्रजितने लिहिलं की पॅरा तीनचा आक्षेप मागे घेतो. मोडकांची छाती फुगली. ते फाटकापाशी उभे राहून निनादच्या स्कूटरची वाट बघू लागले.

निनाद आला तो हेल्मेट हातात घेऊन तरातरा आत शिरला.

"बाबा, आपने मुझसे पूछा तक नहीं?"

"अरे, पण लोक ऐकतायत बघ! तो इंद्रजितसुद्धा..."

"लोगों को छोड़िए. पॅरा चार क्या है?" त्याचा आवाज चिरकला. "वो बोले तो बोले, यार. आप भी? सबके सामने?"

मोडकांना गंमत केली म्हणून सांगता आलं असतं. पोरगं समोर उभं होतं, त्याचे डोळे भरले होते आणि सोमवार परवावर आला होता.

"शब्द ऐकू येत नाहीत, निनाद," ते म्हणाले. "मी फार प्रयत्न केला रे. नाहीच येत."

निनादने हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"किसी को नहीं आते. बँड में भी किसी को नहीं पता," तो मग म्हणाला. "मराठी में है वो गाना."

"मराठीत? मग सांग ना काय आहे ते."

"रहने दीजिए."

"सांग."

सुलभाताईंनी गॅस बंद केला आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. निनादने हेल्मेट टेबलावर ठेवलं. त्याने गायलं नाही, तो ओरडलाही नाही. भिंतीकडे बघत नुसतं म्हटलं,

"तुमच्या घरात मी आवाज न करता जेवतो,
तुमच्या घरात मी आवाज न करता उठतो,
तुम्ही बोलता, मी भिंत होतो,
भिंतीला भूक नसते."

मोडकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. एवढं विष ओकताना, तेही इतक्या गोंगाटात, पोराने 'तुमच्या'ची अदब सोडली नव्हती. त्यांना फार लागलं. रोजची जेवणं डोळ्यांपुढे आली. आपण बोलत असायचो आणि तो ताटात बघत असायचा. त्याला पटतंय असं आपण समजायचो.

"हे दाबलंस कशाला?" त्यांनी विचारलं.

"आपको बुरा लगता."

"लागलंच." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "तुला नोएडाला जायचं तर जा, नाहीतर जाऊ नकोस. मी त्यावर आता एक शब्द बोलणार नाही. पण ते गाणं असं अर्धवट ठेवून जाऊ नकोस."

"बाबा..."

"पुन्हा गा ते," मोडक म्हणाले. "आणि या वेळी मोठ्यानं गा."