तराफ्यावरची दुपार
परवा दादरच्या बाजारात थर्माकोलच्या ओल्या खोक्यांचा, बर्फ आणि मासळीचा मिसळलेला वास आला आणि आठवीनंतरची सुट्टी आठवली. तेव्हा आम्ही वरळीला चाळीत राहायचो आणि माझी मैत्रीण जवळच्या कोळीवाड्यात. तराफ्यावरून नदीने पळून जाणाऱ्या दोघांची एक जुनी कादंबरी मी तिला रोज वाचून दाखवायचे. कादंबरी संपली त्या दुपारी आम्ही चार रिकामी खोकी जाळ्याच्या दोरीने बांधली, वर फळी टाकली आणि समुद्रात ढकलली. किनारा मागे सरला तसे लोकांचे आवाज ऐकू येईनासे झाले. खांद्याला खांदा लावून आम्ही त्या फळीवर बसलो होतो. मग ती म्हणाली, "जूनपासून मी शाळेत नाय येणार. आईबरोबर मासळी विकायला बसायचंय." मी म्हटलं, "मग परत नको जाऊया." ती हसली नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "ओहोटी लागलीय. आता नाय वळलो तर खरंच परत जाता नाय येणार." एका सुट्या फळीने वल्हवत तिनेच आम्हाला किनाऱ्याला आणलं. पुढे मी शिकले, नोकरीसाठी गावोगाव फिरले. त्या दिवशी ती एकटी असती तर वळली असती का, हे तिला विचारायचं मात्र राहून गेलं.