मडक्यावरचा दोरा

लग्न होऊन अंधेरीच्या घरात आले, तेव्हा गॅस कुठला आधी पेटतो आणि नळाला पाणी कधी येतं हे सासूबाईंनी मला सांगितलंच नाही. त्या मला आधी बाल्कनीत घेऊन गेल्या. तिथे पिंजरा होता आणि त्यात दोन पाखरं, निळा नर आणि हिरवी मादी. त्या काळी मुंबईत सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणायचे. त्यांचं खरं नाव बजी आणि खरे लव्हबर्ड निराळेच, हे मला फार उशिरा कळलं. पिंजऱ्याच्या आत वरच्या कोपऱ्यात एक लहान मडकं तारेने घट्ट बांधलेलं होतं. त्याच्या पोटाला पाखरू शिरेल एवढं भोक आणि तोंडावर पत्र्याचं झाकण.

"मडक्याक हात लावचो नाय," सासूबाई म्हणाल्या. नव्या सुनेचं स्वागत एवढंच.

पाखरं सासऱ्यांनी आणलेली. निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात करायचं काय, म्हणून त्यांनी हा नाद लावून घेतला आणि वर्षाच्या आत ते गेले. मी त्यांना फोटोतच पाहिलं. पण त्यांचा आवाज मात्र मी रोज ऐकत होते, कारण निळ्या नराने तो उचलला होता. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं की तो जाळीला चिकटून, मान तिरकी करून म्हणायचा, "अगो, चाय." सासरे बायकोला अशीच हाक मारायचे म्हणे. सासूबाई तेव्हा पाठ करून पाखरांच्या कांगणीच्या दाण्यांचा डबा उघडत असत आणि त्यांचा चेहरा कधी कोणाला दिसत नसे.

एरवी त्या बाईचा जगावर विश्वास नव्हता. संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, रोजचा व्यायाम होता. दूधवाला पाणी घालतो, इस्त्रीवाला साड्या बदलतो, वरच्या मजल्यावरचे मुद्दाम आमच्या कपड्यांवर पाणी सांडतात. पाखरांच्या बाबतीत मात्र हाच संशय कामाला यायचा, हे मान्य केलं पाहिजे. कोथिंबिरीवर भाजीवाल्याने औषध मारलं असणार म्हणून ती तीन पाण्यांतून धुवून पिंजऱ्यात जायची. वाटीत दाणे भरलेले दिसले तरी त्या फुंकर मारून बघायच्या. पाखरं दाणा सोलून खातात आणि टरफलं तिथेच टाकतात, म्हणजे भरल्या वाटीसमोरही ती उपाशी मरू शकतात. फोडणी द्यायची तर बाल्कनीचं दार बंद करून. डासांची अगरबत्ती तर घरातच बंद होती. पाखरांच्या फुप्फुसांची काळजी म्हणून आम्हा माणसांना वर्षभर डास फोडून काढत होते. मांजर वर चढू नये म्हणून पिंजरा आढ्याच्या हुकाला टांगलेला आणि कावळ्यांसाठी मागे जुन्या चादरीचा पडदा.

एवढं सगळं करून पिल्लं मात्र होत नव्हती.

मादी मडक्यात अंडी घालायची, शेंगदाण्यापेक्षा जरा मोठी, पांढरीशुभ्र. जीव लावून बसायची. दिवस भरून जायचे, त्यावर आणखी दिवस जायचे आणि शेवटी ती कंटाळून बाहेर यायची. पहिल्या खेपेला संशय पालीवर गेला. दुसऱ्या खेपेला शेजारणीवर. ही शेजारीण गुजराती, हसरी, आमच्या बाल्कनीला लागून तिची बाल्कनी. ती पाखरांना बघून "किती गोड, किती गोड" करायची, आणि गोड म्हणणारी माणसं सासूबाईंच्या हिशेबात सगळ्यांत वाईट. त्या दिवसापासून तिच्या बाजूलाही चादर लागली. तरी अंडी फुकटच गेली. मग सासूबाईंनी ठरवलं की मादीच खोटी. हिरवी मादी स्टेशनबाहेरच्या पक्षीवाल्याला परत गेली आणि पांढरी आली. पांढरीचीही तीच तऱ्हा झाली, तेव्हा ती जाऊन पिवळसर आली.

हे सगळं चाललं होतं तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं होत आली होती. आणि मलाही मूल नव्हतं.

आता कोणी म्हणेल, पाखरांचं पाखरांपाशी, तुझं तुझ्यापाशी. तसं असतं तर बरं झालं असतं. पण सासूबाईंनी एक दिवस मडक्याच्या झाकणावरून काळा दोरा बांधला आणि त्याला अशी गाठ मारली की ती सोडली तर तशीच पुन्हा मारता येऊ नये. पिंजरा धुवायचं काम माझ्याकडे होतं. दोरा पालीसाठी नव्हता, पालीला गाठी सुटत नाहीत. मी ते बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडले असते तर मोकळी झाले असते, पण भांडले नाही, मीही संशय घ्यायला लागले. माझ्या चहाची चव बदललीय का बघायची. उशीची खोळ झटकून त्यात अंगारा ठेवलाय का बघायची. एकदा सापडलाही. दोघी एकमेकींवर डोळा ठेवून, एकाच ताटात भाजी निवडत बसायचो.

डॉक्टरांकडे मी जाऊन आले होते. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या बायकांच्या डॉक्टरांकडे. गोळ्या झाल्या, पिशवी साफ करून झाली, माझ्यात दोष दिसत नाही असंही सांगून झालं. त्यातल्या एकीने नवऱ्यालाही तपासायला घेऊन या म्हणून सांगितलं. नवरा भला माणूस, पण हा निरोप ऐकल्यावर त्याने पेपर उघडला आणि म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" तो विषय तिथेच मिटला. पाळीच्या दिवसांत पिंजऱ्याजवळ जाऊ नकोस, एवढं मात्र मला सांगण्यात आलं.

मग घाटकोपरची मावशी आली, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. ती आली की घरात कोणाचं तरी काहीतरी बिनसायचं. त्या दुपारी मी आत चहा टाकत होते आणि दोघी बाल्कनीच्या दाराशी बसल्या होत्या. मावशीचा आवाज मुळातच हळू होत नसे, की मला ऐकू यावं म्हणूनच ती बोलली, हे मला आजही ठरवता येत नाही.

"पाखरांची मादी बदललंस ती बदललंस," ती म्हणाली. "घरातल्या मादीचा काय करतलंस?"

तिच्या दिराची कोणी मेहुणी होती, वय उलटलेली, गरीब घरची. मला काही महिने मुलुंडला माहेरी पाठवायचं आणि मग बोलणी करायची, असा तिचा बेत होता. मी कान देऊन सासूबाई काय म्हणतात याची वाट बघत राहिले. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. हो नाही, नाही नाही. चहा उतू गेला. ते गप्प राहणं मला मावशीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं, आणि भीती वाटली. मुलुंडच्या बैठ्या चाळीत दोन भाऊ आणि त्यांच्या बायका होत्या. तिथे परत गेलेल्या बहिणीसाठी कोणती जागा असते हे मला माहीत होतं. हे घर सुटलं तर मला दुसरं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवस माझं डोकं एकाच जागी घोटाळत होतं. माझ्या माहेरी आई चाळीमागच्या परसात कोंबड्या पाळायची. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की आठवड्याने ती एकेक अंडं अंधारात रॉकेलच्या चिमणीच्या उजेडाला धरायची. आत लाल धाग्यांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नितळ दिसलं तर कालवणात. नितळ निघालं म्हणून कोंबडीला ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. कोंबड्याकडे बघायची आणि म्हणायची, म्हातारा झाला मेला.

मंगळवारी सासूबाई देवळात गेल्या. पिवळसर मादी अंड्यांवर बसून आठवडा झाला होता. ती दाणे टिपायला बाहेर आली तशी मी दोरा सोडला. सोडला काय, कात्रीने कापला. अंडी हातरुमालात घेतली, मोरीत जाऊन दार लावलं आणि टॉर्चच्या काचेवर एकेक ठेवून बघितलं. सगळी नितळ. एकातही एक लाल धागा नाही. मी ती जशीच्या तशी परत ठेवली. तेवढ्यात मादीने माझं बोट फोडलं, पण मी ओरडले नाही. निळा नर जाळीशी बसून बाहेर बघत होता. मादी कुठे आहे, काय करते, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत मी त्याला कधी मादीला भरवताना पाहिलंच नव्हतं. त्याची सगळी माया सकाळच्या त्या हाकेत होती.

कापलेला दोरा मी लपवला नाही. मुद्दाम झाकणावर तसाच ठेवला.

सासूबाई आल्या, पाय धुतले, प्रसाद ठेवला आणि सरळ बाल्कनीत गेल्या. "दोरो कोणी कापलो?"

"मी."

त्यांनी माझ्या बोटावरची चिंधी बघितली. आता काय येणार हे मला माहीत होतं, म्हणून ते यायच्या आधीच मी बोलले. माझ्या आईची गोष्ट सांगितली, टॉर्चची सांगितली, आणि म्हटलं, "आई, माद्या तीन झाल्या. नर एकच आहे."

हे बोलले तेव्हा माझ्या मनात फक्त पाखरं होती, असं मी म्हणणार नाही. त्यांनाही ते कळलं असावं. त्या खाली स्टुलावर बसल्या. मी समजले, आता मुलुंडचं तिकीट. पण त्या बोलल्या त्या भलत्याच गोष्टीवर.

"त्यांनी हाडलेलो पक्षी तो," त्या म्हणाल्या. "घरातून भायर जावचो नाय."

पाल, शेजारीण, हिरवी, पांढरी, मी. सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता, फक्त सासऱ्यांनी आणलेल्या त्या नरावर, त्या आवाजावर घेता येत नव्हता. मला त्यांचा राग होता आणि तो तसाच होता, तरी मला त्यांची दयाही आली. मी म्हटलं, त्याला कोण घालवतंय. तो इथेच राहील, वेगळ्या पिंजऱ्यात, रोज तुम्हाला हाक मारेल. फक्त मडक्यापाशी दुसरा नर आणू.

वेगळा पिंजरा मिळाला तो शेजारणीकडे. तिचा पोपट कधीचाच उडून गेला होता आणि पिंजरा माळ्यावर पडला होता. सासूबाईंनी तो सोड्याने धुतला, उन्हात ठेवला, पुन्हा धुतला, आणि शेजारणीने एवढ्या सहज का दिला असेल हे मला दोनदा विचारलं. पण पडद्याची चादर मात्र त्या बाजूने काढली.

नवा नर राखाडी होता, तरतरीत, नाकावरची पट्टी गडद निळी. आल्या दिवसापासून तो पिवळसर मादीच्या मागे. चोचीत चोच घालून भरवायचा, मान वर-खाली करायचा. सासूबाई तोंडावर पदर घेऊन बघत बसायच्या. अंडी झाली. मडक्याला दोरा नव्हता. आठवड्याने त्यांनीच टॉर्च आणला, माझ्या हातात दिला आणि मोरीत माझ्यामागून आल्या. दार लावून आम्ही दोघी खाली वाकलो. पहिल्याच अंड्यात लाल धागे होते, बारीक, पसरलेले, आणि मध्ये एक ठिपका हलत होता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि बाहेर येईपर्यंत तो तिथेच होता.

पिल्लं निघाली त्या दिवशी मडक्याला कान लावला तर आतून बारीक चिकचिक ऐकू येत होती. सासूबाईंनी उकडलेलं अंडं कुस्करून पाखरांच्या वाटीत ठेवलं, मुलाला जेवायला वाढलं आणि त्याच्या पानासमोर बसल्या.

"उद्या डॉक्टराकडे तू पण जातलंस."

त्याने घास तसाच धरला. "आई, मला काय झालंय?"

"त्या नराक तरी काय झाला हा? बोलता झकास."

बाल्कनीतून निळा नर नेमका तेव्हा काहीतरी बोलला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी भाताचं भांडं घेऊन आत गेले, कारण मला हसूही येत होतं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली. तो एकटाच जाऊन येतो म्हणाला, पण सासूबाई चप्पल घालून दारात उभ्या होत्या. दवाखान्यात आम्ही दोघी बाकावर बसलो आणि तो आत गेला. मावशीच्या दिराच्या मेहुणीचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसत होती ती फक्त मांडीवर पर्स घट्ट धरून बंद दारावर डोळे लावून बसलेली माझी सासू. बराच वेळ गेला तसा त्यांनी माझा दंड धरला आणि कानाशी येऊन विचारलं, "मागच्या बाजून दुसरा दार नाय मा गो?"

"नाही," मी म्हटलं. "मी आधीच बघून आलेय."