पुलाखालचे बेचाळीस गोल

माझी मावशी पूल वाजवते. नोकरीच तशी आहे तिची. छोटी हातोडी घेऊन पुलाच्या पोटावर ठकठक करायचं, आवाज भरीव आला तर पुढे सरकायचं, पोकळ आला तर खडूनं फुली मारायची. बत्तीस वर्षं हेच केल्यामुळे घरातलं टरबूजसुद्धा ती वाजवल्याशिवाय कापू देत नाही.

पण खात्यात तिची खरी वट होती ती घरट्यांमुळे. पुलाखाली भिंगरी नावाची पाखरं चिखलाची घरटी बांधतात. रंगकाम निघालं की ती खरवडावी लागतात आणि नियम असा, की रिकामी तेवढीच खरवडायची. नांदत्या घराला पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही. कुठलं कोणाचं, हे मावशी खालूनच सांगायची. "अर्धी वाटी दिसली की साधी भिंगरी. आडवी सुरई, पुढे बारीक तोंड, ती लालबुडी भिंगरी. आणि नुसतंच ढेकूळ असेल तर कुंभारीण माशी. तिच्या वाटेला जायचं नाही!" काठाचा चिखल ओला, गडद दिसला की घर नांदतं. त्याच्याशेजारी गोल, रिकाम्याशेजारी फुली.

सहा वर्षांपूर्वी ती एकदाच चुकली. एका सुरईला फुली पडली आणि खरवडणाऱ्याच्या पत्र्यावर चार पिल्लं आली. मावशी दोन दिवस जेवली नाही. त्या पुलावरून ती अजूनही जात नाही, लांबचा वळसा घेते.

मी तिची भाची, त्याच खात्यात पाळण्याची गाडी चालवते. ट्रकला एक लांब हात, त्याच्या टोकाला दोन-तीन माणसं उभी राहतील असा डबा, तो आमचा पाळणा. त्याच्या कळा पाळण्यातच असल्यामुळे मावशी वर, तर मीही वर. यंदा नदीवरच्या पुलाखाली बेचाळीस घरटी होती. मावशीनं बेचाळीसही घरट्यांना गोल मारले.

मला काय ते कळलं. तीन महिन्यांपूर्वी तिनं माझ्या देखत चहा कपाशेजारी ओतला होता आणि वर कपालाच बोल लावला होता. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. मावशीनं मला शपथ घातली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं तर मला गोदामात बसवतील, नट-बोल्टांच्या संगतीला." आता काठ ओला की कोरडा ते दिसत नव्हतं आणि फुली मारायची छाती होत नव्हती. म्हणून सगळेच गोल.

इंजिनिअर साहेब भडकले. वय जेमतेम तिशीचं, बूट अजून नवे. "मावशी, यातली निम्मी घरटी गेल्या वर्षीची असणार! रंगकाम दीड महिना अडेल. उद्या मी स्वतः वर येतो, एकेक दाखवा मला."

म्हटलं, चला, उंटावरून शेळ्या हाकणं तरी थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पाळण्यात. पहिल्या घरट्यापाशी साहेब म्हणाले, "बोला."

सुचेनासं झालं की मावशी काहीतरी वाजवते. हातोडीच्या लाकडी दांड्यानं तिनं घरट्याशेजारी हलकेच टकटक केलं. आतून एकदम चिवचिवाट! खायला घेऊन आईच आली, असं वाटलं असणार बिचाऱ्यांना. मावशीचा चेहरा असा उजळला, की मला हसू आवरेना.

मग काय, बाई सुटल्याच. टकटक, कान, निकाल. कुठे पिल्लं ओरडली, कुठे अंड्यांवरची आई भुर्रकन साहेबांच्या टोपीवरून गेली. एक्केचाळीस घरटी झाली तेव्हा सतरा गोल राहिले होते आणि चोवीस पुसून फुल्या झाल्या होत्या. "कमाल आहे," साहेब म्हणाले. मी मनातल्या मनात मूठ झाकलेली राहिली म्हणून सुस्कारा सोडला.

बेचाळिसावी सुरई कोपऱ्यात होती. टकटक. काही नाही. पुन्हा टकटक. काही नाही.

"रिकामं," साहेब म्हणाले. "मारा फुली."

मावशीनं खडू उचलला. हात तिथंच थांबला. मी डोळ्यांनी खुणावत होते, मार आणि सुटू आपण. पण खुणावून काय उपयोग, तिला दिसत कुठे होतं?

"साहेब," ती म्हणाली, "बांधकाम चालू असेल तर आतून कोण बोलणार? काठाचा चिखल बघावा लागतो. मला तो दिसत नाही. तीन महिने झाले, मोतीबिंदू आहे. तुम्ही बघा."

साहेबांनी पुढे वाकून काठाला बोट लावलं. बोट चिखलानं माखून आलं.

"ओलं आहे," ते हळूच म्हणाले. मावशीच्या हातातला खडू घेऊन त्यांनी आधीचा पुसट गोल पुन्हा गिरवला. मग विचारलं, "ऑपरेशन कधी करताय? तोवर वर तुम्हीच यायचं. आधी त्या चोवीस फुल्या पुन्हा बघू. कान तुमचे, डोळे माझे."

मावशीनं डोळ्यांना पदर लावला. माझेही भरून आले होते, खोटं कशाला बोलू. मग ती गोलाच्या अगदी जवळ, नाक टेकेल इतकी जवळ गेली.

"वाकडा आलाय," ती म्हणाली, "पण त्यांना चालेल."