पोटात ठेवलेल्या ओळी

श्रीरंगच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आम्ही मित्र म्हणायचो. वसईत पारनाक्याजवळ त्याचा सायबर कॅफे होता आणि गावातली कुठलीही बातमी तिथूनच फुटायची. दोन हजार एक साली मात्र या बोलघेवड्याने एक गोष्ट नाताळपर्यंत गिळून ठेवली.

गल्फमध्ये माणसं असलेल्या घरांसाठी त्याने स्वतः चॅटचं पान बनवलं होतं. आपण लिहिलेलं खाली दिसे, समोरच्याची ओळ आली की वर उमटे. पुढे लॉगिन करताना एरर यायला लागला. श्रीरंगने प्रोग्राममध्ये सगळ्यात वर एक ओळ टाकून आउटपुट बफरिंग चालू केलं, म्हणजे मशीनने मजकूर लगेच न पाठवता आधी साठवून ठेवायचा. एरर गेला. आमच्या श्रीरंगसाहेबांनी लॉगिन तेवढं तपासलं आणि कॉलर ताठ करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी भुईगावच्या इझाबेल आंटी आल्या. केळीची वाडी बिल्डरला द्यायची की नाही, यावरून कुवेतमधल्या नवऱ्याशी, फर्डिनंड अंकलशी, त्यांचं फोनवर कडाक्याचं वाजलं होतं. बोलणं बंद. लेकीने कसंबसं दोघांना चॅटवर बसायला राजी केलं होतं. आंटींनी एका बोटाने लिहिलं, ‘माझं चुकलं.’ वरचा भाग कोराच. पुन्हा लिहिलं. शेवटी डोळे पुसत उठल्या. अंकलनी नाताळची सुट्टी रद्द केली.

चूक श्रीरंगला त्याच संध्याकाळी सापडली. त्याने प्रोग्राममधली ती ओळ चॅटपुरती काढून टाकली. ‘आंटी, परत बसा’ एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पण कॅफेचं नाव जाईल म्हणून गप्प बसला. मग आंटी दिसल्या की रस्ता बदलायचा, जेवण तर त्याला गोडच लागेना.

नाताळला आंटी स्वतः करंज्यांचं ताट घेऊन कॅफेत आल्या. मी तिथेच होतो. ताट बघून श्रीरंगला रडूच फुटलं.

“आंटी, अंकलनी लिहिलं असणार. माझ्या चुकीमुळे मशीन सगळ्या ओळी पोटात ठेवून बसलं. तुमच्या ओळीसुद्धा त्यांना दिसल्या नसतील.”

आंटींनी ताट टेबलावर ठेवलं. “म्हणजे माझं ‘चुकलं’ पोचलंच नाही?”

“नाही.”

“तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”



“मशीनला जीव नाही रे, त्याने पोटात ठेवलं,” त्या म्हणाल्या. “तू का ठेवलंस?”