एका कोयीतली पाच रोपं

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. तरी मद्रासच्या एका कॉलेजच्या बागेत मला काम मिळालं, ते वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंमुळे. बाई तंजावरकडच्या मराठी. मी बोललो की हसायच्या, "तुमच्या मुलखात बोलतात का भांडतात रे?" पण परक्या गावात आपली भाषा कानावर पडायची, हेच केवढे उपकार. हे काम जाईल की काय, ही धास्ती मात्र कायम पोटात.

बागेत मलबारकडचं एक जुनं आंब्याचं झाड होतं. नवी जात निघावी म्हणून त्याच्या मोहोरावर बाई दुसऱ्या जातीच्या आंब्याचे पराग लावत आणि मी वर कागदी पिशव्या बांधी. दरवर्षी फळं गळून जात. त्या साली एकच टिकलं. पुढच्या मोहोराआधी बाई निवृत्त होणार होत्या, म्हणजे त्यांच्या वाट्याची ही शेवटचीच कोय. ती मी कुंडीत लावली.

उगवली पाच रोपं.

आमच्याकडे कोकणात एका कोयीला एक रोप. कुणी खोडी केली असेल म्हणून उकरून पाहिलं, तर पाचही त्याच कोयीतून निघालेली. चार तजेलदार. एकाचं पान ज्या बाजूला कललेलं, त्याच बाजूला बाकी तिघांचं. पाठ केली की ती आपल्याकडे बघतायत असं वाटे. पाचवं किडकिडीत, पिवळट, त्यांच्यात दबलेलं.

घरी वाफ्यात हात जे करत आले तेच इथंही करायला गेले. मरतुकडं काढायचं, बाकीच्यांना जागा होते. चिमटीत धरलंच होतं, तोच मागून बाई ओरडल्या, "अय्यो, सोड ते!"

मी चिमूट सोडली. वाटलं, गेली नोकरी.

बाई शेजारी उकिडव्या बसल्या. थोरल्या रोपाचं पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, चौथ्याचं. तोच उग्र वास. शेवटी म्हाताऱ्या झाडाचं पान. तोच.

"हे अस्के आईच्याच अंगातून फुटलेले," बाई म्हणाल्या. अस्के म्हणजे सगळे, एवढं मला एव्हाना कळत होतं. "बाप नाही यांना. आईच पुन्हा उगवली आहे. आई-बाप दोघांचं लेकरू असलंच तर एखादं, आणि तेच बहुतेक उपाशी मरतं."

पाचव्याच्या पानाचं नुसतं टोक त्यांनी नखानं दाबलं. वास वेगळा होता, फिका, गोडसर.

"हेच का ते, बाई?"

"तसंच दिसतं. ते चार काप. उपटू नको, मुळं गुंतलीत."

"इतकी चांगली रोपं?"

"आई उभी आहे की तिथं! अजून किती आया हव्यात तुला?"

भर दुपारी, त्या झाडाच्याच सावलीत बसून मी ती कापली. प्रत्येक वेळी चीक बोटांवर आला. वर पाहायचा धीर झाला नाही. चौथं कापलं आणि पाचवं आडवं झालं. ते त्यांच्याच आधारानं उभं होतं. काडी रोवून, दोऱ्यानं बांधून मी ते उभं केलं.

पुढं खुंटांना कोंभ येत राहिले, मी खुडत राहिलो. सकाळी आलो की आधी कुंडीजवळ जायचो. एकदा पाहतो तर पाचव्याला तांबूस पालवी, पण प्रत्येक पानाच्या कडेनं जांभळी रेघ. बाईंना बोलावलं. त्या वाकून कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"असं पान मी कुठल्याच झाडाला पाहिलं नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि हात लावायला मात्र कचरल्या.