काकूने खाल्लेल्या अडतीस चिठ्ठ्या

पहिल्या मजल्यावरच्या काकूने भर सभेत चिठ्ठी खाल्ली, ही बातमी त्या रविवारी दुपारची जेवणं उरकायच्या आत बिल्डिंगभर झाली. संध्याकाळपर्यंत एका चिठ्ठीच्या पाच झाल्या. सोमवारी सकाळी इस्त्रीवाला शपथेवर सांगत होता की अडतीस चिठ्ठ्या, त्याही पाणी न पिता, आणि वर ढेकर देऊन म्हणाली, "अजून आहेत का?"

साफ खोटं. काकूच्या दातांत होतं ते रबरबँड. आणि रबरबँड दातांत का होतं, हे ज्याला कळत नाही त्याने टपाल खात्यात एकतीस वर्षं सॉर्टिंग केलेलं नाही. दोन्ही हात पत्रांत गुंतलेले असले की रबरबँड धरायला माणसाकडे तोंडच उरतं.

काकू रिटायर झाली, पण सॉर्टिंग काही रिटायर झालं नाही. घरातले मोजे, औषधं, नातेवाईक, सगळ्यांचे खण ठरलेले. समोर कुणी आलं की चष्म्याच्या वरून एक नजर, आणि तो माणूस कुठल्या तरी खणात पडलेला असतो. तिच्याशी दोन मिनिटं बोललं की पत्ता अपुरा म्हणून आपल्याला परत पाठवल्यासारखं वाटतं.

काका तिच्या अगदी उलट. बस डेपोच्या फाटकाला लागून त्यांची चाव्यांची टपरी, कपाटाएवढी. आत चावी कापायचं मशीन, भिंतीभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि मध्ये काका. सव्वीस वर्षं. बोटांच्या रेघांत लोखंडाचा काळा कीस असा बसलाय की घरातल्या प्रत्येक कपाच्या कानाला त्यांचा ठसा आहे. तो कप दुसऱ्या कुणी घेतला तर काकू म्हणते, "तो ह्यांचा. गुन्हेगाराची ओळख पटलेली आहे."

तर हा डेपो गावाबाहेर हलवायचा आणि त्या जागी बारा मजले उभे करायचे, असं घाटत होतं. डेपो गेला की टपरी गेली. चावी हरवलेला माणूस गावाबाहेर चावी करायला जात नाही, कुलूप फोडतो. काकांचं वय बासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. काकूचं पेन्शन होतं, उपाशी मरायचा प्रश्न नव्हता. प्रश्न काकूने एका वाक्यात मांडला होता: "हा माणूस दिवसभर घरात बसला तर आमच्यातलं एकच जिवंत राहील. आणि ते मी असेन, म्हणून जास्त भीती वाटते."

पालिकेची निवडणूक लागली तेव्हा साहेब टपरीपाशी आले. साहेब म्हणजे उमेदवार. टपरीच्या पत्र्यावर हात ठेवून फोटो काढला आणि म्हणाले, "मी काय म्हणतो, म्हणजे बघा, ही टपरी नाहीये. हे शहराचं काळीज आहे." काळजाला हात लावल्यामुळे तळव्याला लागलेलं तेल त्यांनी कार्यकर्त्याच्या पाठीला पुसलं. काकूने ते पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी प्रचार कार्यालयात जाऊन नाव नोंदवलं. त्यांच्या विरोधातल्या उमेदवार मॅडम तर डेपो हलवणारच असं उघड बोलत होत्या. मग दुसरा खण होता कुठे?

कार्यालयात तिचं कुणाशी पटलं नाही. पत्रकं तिने गल्लीवार लावली तर पोरं म्हणाली, "काकू, एवढं कोण बघतंय?" तिने सांगितलं, "कोणी बघत नाही म्हणूनच तुम्ही इथे आहात." सगळ्यांचा म्होरक्या होता ब्लूटूथ. दोन्ही कानांत यंत्रं, त्यामुळे तो तुमच्याशी बोलतोय की हवेशी हे कधीच कळायचं नाही. प्रत्येक वाक्याला 'डन'. "काकू, तुम्ही उद्या पूर्वेची बाजू, डन? डन. नाही, तुम्हाला नाही, त्याला सांगतोय."

रविवारी अकरा वाजता सार्वजनिक सभागृहात साहेब आणि मॅडम यांचा आमनेसामने वादविवाद ठरला. आयोजकांनी पद्धत घालून दिली होती. प्रेक्षकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहायचे. दोन्ही बाजूंचा एकेक कार्यकर्ता चिठ्ठ्या गोळा करणार, व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी एकाच टेबलावर समोरासमोर बसून लावणार, शिवीगाळ असेल ती बाजूला काढणार आणि बाकीच्या ट्रेमध्ये टाकणार. ट्रेमधून निवेदक प्राध्यापक हाताला लागतील त्या दहा उचलणार.

साहेबांकडून काकू गेली. टपालवाली आहे म्हटल्यावर ब्लूटूथला ती आयतीच सापडली. मॅडमकडून आली पार्लरवाली. काकूच्या पांढऱ्या केसांकडे बघून ती म्हणाली, "काकू, रंग नाही लावत? की तुमच्या साहेबांनी सगळा स्वतःलाच लावला?"

काकू म्हणाली, "माझ्या केसांवर तुझं पोट चालणार नाही, बाई. चिठ्ठ्या मोज."

सभागृह तापलेलं होतं. डावीकडे साहेबांची माणसं, उजवीकडे मॅडमची, मधल्या वाटेत दोन हवालदार. पंखे चार, चालू एक, आणि तोही साहेबांच्या बाजूला, म्हणून उजवीकडून सुरुवातच "पंखाचोर! पंखाचोर!" ने झाली. डावीकडून कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली भिरकावली. ती आपल्याच माणसाच्या टकलावर पडली आणि त्याने उठून हवालदाराशी भांडण काढलं.

काकू दुसरी फेरी मारून येत होती तेव्हा खांबाआड ब्लूटूथने तिला गाठलं.

"काकू, एक काम. डेपोवरच्या चिठ्ठ्या सगळ्या वेगळ्या काढायच्या. डन?"

"वेगळ्या म्हणजे? आधी देऊ निवेदकांना?"

"अहो नाही! ट्रेमध्ये जाऊच द्यायच्या नाहीत. तुमच्या प्रचाराच्या जॅकेटला आतून खिसा आहे ना, त्यात सारायच्या. साहेबांना आज डेपोवर बोलायचं नाहीये."

"का? डेपो राहणार म्हणून तर ते उभे आहेत."

ब्लूटूथने एका कानातलं यंत्र काढलं. तेवढ्यावरूनच काकूला कळलं की आता खरं ऐकायला मिळणार. "म्हणजे, राहणारच आहे हो. निवडणुकीपर्यंत तरी राहणार. पुढचं पुढे. बारा मजल्यांवालेही आपलेच आहेत, काकू, त्यांनाही सांभाळायला लागतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका, काकांना तिथे वॉचमन म्हणून लावून देऊ. डन?"

दीड महिना साहेबांच्या कागदांचे गठ्ठे काकू जिना चढउतर करून वाटत होती. घरी काकांनी एकदाच विचारलं होतं, "त्याला तोंडावर विचारलंस का?" आणि ती त्यांच्यावर खेकसली होती, "तुम्ही चाव्या कापा." आता जॅकेटच्या पाठीवर साहेबांचा हसरा चेहरा छापलेला, तो तिला घामाने पाठीला चिकटल्यासारखा वाटला.

"सगळ्या वेगळ्या काढायच्या ना?" तिने विचारलं.

"सगळ्या. एकही सुटता कामा नये."

"माझ्या हातून सुटत नाही," काकू म्हणाली आणि टेबलाशी गेली.

तिने उजव्या अंगठ्याला रबरी टोपी चढवली. त्या टोपीने तिने एकतीस वर्षं पत्रं सरकवली होती. दोनशे चिठ्ठ्या सरसर हलू लागल्या. रस्ते, पाणी, शाळा, शिव्या, पुन्हा रस्ते. 'साहेब, तुमचे दात खरे आहेत का?' ही वैयक्तिक म्हणून बाद. 'मॅडम, तुमचा मेकअप कोण करतं?' ही पार्लरवालीने स्वतःच ट्रेच्या मधोमध ठेवली. आणि डेपोवरची प्रत्येक चिठ्ठी काकूच्या डाव्या हाताखाली. लांबून ब्लूटूथने अंगठा वर करून दाखवला. ओठांवरून कळत होतं, डन.

एकतिसाव्या की बत्तिसाव्या चिठ्ठीवर तिचा हात अडकला. अक्षर बघायची गरजच नव्हती. कोपऱ्यावर काळा ठसा होता, कपाच्या कानावर असतो तसाच. 'साहेबांना. डेपो राहणार का जाणार? हो किंवा नाही एवढंच सांगा. टपरी बंद ठेवून आलोय.'

तिने मान वर केली. शेवटच्या रांगेत, दाराशी, काका उभे होते. तिची नजर पडताच त्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

सॉर्टिंगमध्ये एक साधी रीत असते. एकाच पत्त्यावरची पत्रं खूप आली तर ती खणात सुटी टाकत नाहीत. त्यांचा गठ्ठा बांधतात, वर पत्त्याची पट्टी लावतात आणि थेट रवाना करतात. काकूने अडतीस चिठ्ठ्या मोजल्या, ठोकून कडा सारख्या केल्या, काकांची सगळ्यात वर ठेवली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून रबरबँड दातांत धरलं.

पार्लरवालीने तेवढंच पाहिलं. "अहो! अहो, ही बाई चिठ्ठ्या खातेय! चोरी! तोंड उघड, तोंड उघड आधी!"

उजवी बाजू उठली. डावी बाजू, का उठायचं ते न कळता, उठली. "काढा बाहेर!" "कोणी खाल्ली?" "त्या म्हातारीने!" "अरे पाणी द्या तिला, अडकेल!" एक हवालदार टेबलाकडे धावला. काकूने शांतपणे दातांतलं रबरबँड गठ्ठ्यावर चढवलं, कोऱ्या पट्टीवर पत्ता लिहून ती आत खोचली आणि पार्लरवालीला म्हणाली, "आता बघ. गिळलं." मग तीन पायऱ्या चढून गठ्ठा प्राध्यापकांच्या हातात दिला.

"हे काय?"

"एकाच माणसाचं टपाल आहे. अडतीस नग. बटवडा तुम्ही करायचा."

प्राध्यापकांनी पट्टी वाचली, पहिली चिठ्ठी वाचली, खालच्या चार चाळल्या. त्यांचंही घर डेपोमागेच होतं. माइक ओढून ते म्हणाले, "साहेब, अडतीस जणांनी एकच प्रश्न विचारलाय. डेपो राहणार का जाणार? हो किंवा नाही."

साहेब घोटभर पाणी प्यायले. "मी काय म्हणतो, म्हणजे बघा, डेपो हा नुसता डेपो नसतो. ती एक भावना असते. आणि भावना आपण... म्हणजे बघा, भावनेला आपण एका चौकटीत..."

"हो का नाही?" दाराकडून आवाज आला. काकांचा. सव्वीस वर्षं मशीनच्या घरघरीवरून बोलायची सवय, त्यांना माइक लागत नाही.

मग पूर्ण सभागृह. मॅडमची माणसं साहेबांची जिरवायला ओरडत होती, साहेबांची माणसं खरंच ऐकायला. पण ओरडणं एकच. "हो का नाही! हो का नाही!" मोबाइल वर झाले, शंभर तरी असतील. साहेबांनी ब्लूटूथकडे बघितलं. ब्लूटूथ दोन्ही कानांवर हात दाबून कुणाला तरी "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत होता.

"राहणार!" साहेब ओरडले. "मी आहे तोवर डेपो इंचभर हलणार नाही, बस? लिहून घ्या!"

टाळ्या पडल्या. हाच प्रश्न मॅडमना गेला. त्यांनी "सखोल अभ्यास करून" म्हणताच उजव्या बाजूनेही त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

मागच्या पॅसेजमध्ये ब्लूटूथने काकूला अडवलं. या वेळी दोन्ही यंत्रं खिशात होती.

"जॅकेट काढा."

"काढते. ओरडू नकोस."

"कुणी पढवलं तुम्हाला? मॅडमचा माणूस भेटला होता ना? किती दिवस चाललं होतं हे? साहेबांचा तुम्ही गळा कापलात, कळतंय का? भर सभेत!"

"तूच म्हणालास, सगळ्या वेगळ्या काढा, एकही सुटता कामा नये. मोजून घे. अडतीस आहेत."

"खिशात म्हणालो होतो मी, खिशात! काकांचं वॉचमनचं विसरा आता. तुम्हाला या शहरात कुणी पाणी विचारणार नाही, बघाल तुम्ही."

काकूने जॅकेटची घडी घातली, साहेबांचा चेहरा आतल्या बाजूला करून. "दुसऱ्याचं टपाल खिशात घातलं की नोकरी जाते, मुला. एकतीस वर्षांत घातलं नाही. आणि तू वॉचमन ठेवशील तिथल्या कुलपांच्या चाव्या ह्यांनी केलेल्या नसतील, तेवढं बघ."

बाहेर काका पायऱ्यांवर उभे होते. घरापर्यंत ती दोघं भांडत गेली.

"घरी बसा म्हटलं होतं ना?"

"तू विचारणार नव्हतीस म्हणून आलो."

"आणि चिठ्ठीवर हात पुसून का लिहिलं नाहीत? लाज आणता चारचौघांत."

"तुला ओळखू आली ना? मग झालं."

ब्लूटूथचं म्हणणं पुढचे चार महिने खरं होतं. साहेब निवडून आले, थोडक्या मतांनी, आणि त्यांच्या माणसांनी काकूला वाळीत टाकलं. पत्रकं वाटणारी पोरं जिन्यात भेटली की जबडे हलवून चावून दाखवायची. पार्लरवालीने दुकानात येणाऱ्या प्रत्येक डोक्याला ती गोष्ट सांगितली, आणि मॅडमच्या गोटात काकू साहेबांची पाळीव म्हातारी ठरली, साहेबांच्या गोटात मॅडमची. काकांच्या टपरीवर रात्रीत कुणीतरी 'चिठ्ठीखाऊ' असं लिहून गेलं. काकांनी ते पुसलं नाही. म्हणाले, पाटी नव्हतीच, आता झाली.

तेव्हाच मी, तिच्याच मजल्यावर राहणारी आणि बिल्डिंगभर सगळ्यांच्या नकला करून दाखवणारी, काकूशी पैज लावली होती. माझं म्हणणं, साहेब शब्द फिरवणार, सहा महिन्यांत डेपोला कुंपण पडणार. काकू म्हणाली, "फिरवेल, त्याला वाव मिळाला तर. शंभर मोबाइलांत आहे तो." मी हरले तर महिनाभर तिची नक्कल करायची नाही. साहेबांची कर, ब्लूटूथची कर, काकांची तर जरूर कर, तिची नाही.

परवा डेपो हलवायचा ठराव पालिकेत आला. साहेबांनी विरोधात हात वर केला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून, आणि ठराव पडला. काकू ते ऐकून माझ्या दारात आली, चष्म्याच्या वरून बघितलं आणि एकच वाक्य बोलली. ते वाक्य मला तोंडपाठ आहे, आवाजासकट. महिना संपला की करून दाखवीन.